जनी देवाला का रागावते

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोहोचला. आषाढी एकादशीच्या दुपारी ठाण्याच्या नौपाड्यात आजीच्या भजनी मंडळातल्या बायकांनी 'अरे विठ्या विठ्या' म्हणत देवाला चक्क शिव्या दिल्या, थोड्या वेळाने त्याच बायकांनी त्याला आई म्हटले, आणि शेवटी डोळे पुसत त्याचीच आरती केली. तेव्हा देवाला राग येत नाही का, आणि असे बोलणे चालते तरी कसे, असे तू विचारले आहेस. आजीला विचारलेस तर 'तो आपलाच आहे, त्याला काय वाटायचंय' एवढेच ती म्हणेल, आणि तिचे उत्तर बरोबरच आहे. परंतु त्या एका वाक्यामागे सातशे वर्षांची कविता उभी आहे, आणि ती व्हॉट्सॲपच्या दोन ओळींत मावणारी नसल्यामुळे इकडे आइंडहोवनहून हे पत्र लिहीत आहे. एखादा शब्द अडला तर आजोबांना विचार.

प्रथम ज्याला शिव्या दिल्या जातात तो कोण आहे हे लक्षात घे. आरतीत तू 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा' म्हणतेस. त्यामागची कथा अशी, की देव पुंडलिकाला भेटायला आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत होता. त्याने मागे वळून न पाहता एक वीट सरकवली आणि देवाला तीवर थांबायला सांगितले. देव थांबला आणि कमरेवर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्याच्या हातात ना धनुष्य आहे ना त्रिशूळ. जो स्वतः होऊन दारात आला, ज्याला थांबायला सांगता आले आणि जो थांबला, त्याच्याशी माणसे दबकून बोलत नाहीत. पंढरपूरला आजही साधा माणूस देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवतो, हेही त्याच नात्याला धरून आहे.

आता शिव्यांचा तो अभंग जिचा आहे ती जनाबाई. मराठवाड्यातल्या गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या, घरी कामाला राहिली आणि जन्मभर स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवून घेत राहिली. दळणे, कांडणे, झाडणे, पाणी भरणे हा तिचा दिवस होता आणि तिच्या कवितेतही हेच आहे. 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी' ही ओळ आजीच्या वहीत पहिल्या पानांतच सापडेल. पुढे ती सांगते, की देवाने केराची पाटी डोक्यावर घेतली आणि दूर नेऊन टाकली. अक्षरे मोजून बघ: दोन्ही चरणांत आठ-आठ अक्षरे आहेत, त्यामुळे ही ओळ झाडूच्या फटकाऱ्यावरही म्हणता येते आणि टाळाच्या ठेक्यावरही. ज्याच्या हातात सुदर्शन चक्र असते त्याच्या हातात जनीने केर दिला आहे, आणि त्यात तिला काहीही विशेष वाटलेले दिसत नाही. तिला वाटते ते एवढेच, की याचे उपकार आता कसे फेडावेत.

माझा आवडता अभंग मात्र केसांचा आहे. तुळशीच्या बनात जनी वेणी उकलत बसली आहे, आणि देव हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो, कारण 'माझे जनीला नाहीं कोणी'. मग तो पाणी घालतो. शनिवारी संध्याकाळी आजी तुझ्या डोक्याला तेल लावते तेव्हा तुझी मान कशी सैल पडते ते आठव, म्हणजे या अभंगात काय आहे ते तुला कळेल. देवाची स्तुती करणाऱ्या कविता जगात पुष्कळ आहेत. स्तोत्रांतला देव सिंहासनावर असतो, त्याच्या मुकुटाचे, कुंडलांचे, तेजाचे वर्णन असते. इथे एका मोलकरणीला न्हाऊ घालणारा देव आहे, आणि त्याच्या मुकुटाबद्दल जनी अवाक्षर काढत नाही, तिला त्याच्या हातांशी काम आहे.

हे एवढे कळले, की शिव्यांचा अभंग अवघड राहत नाही. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी त्याची सुरुवात आहे. मध्ये 'तुझें गेलें मढें, तुला पाहून काळ रडे' असली भाषा आहे, जी तू आजीसमोर कोणाबद्दलही वापरू नयेस, आणि शेवटी ती स्वतःच सांगते, की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देत आहे. विद्वान मंडळी यात माया, ब्रह्म आणि काळ यांचा अर्थ उलगडतात, आणि तो अर्थ तिथे आहेही. तरी मला वाटते ते असे. ज्या घरात जनी राबत होती तिथे आवाज चढवण्याचा हक्क तिला कोणापुढेही नसणार. दासीने मालकिणीला उलट बोलायचे नसते, घरातल्या मुलांनाही नाही. अंगणात उभे राहून मोठ्याने भांडावे असा तिला एकच जण होता. भांडण करायलाही आपले माणूस लागते. परक्याशी आपण सभ्यपणे वागतो आणि मनातले बोलत नाही. देवाशी सभ्यपणे वागायचे जनीने नाकारले, आणि हीच तिच्या प्रेमाची खूण आहे. दुसऱ्या एका अभंगात तर तिने 'पंढरीचा चोर' गळ्यात दोर बांधून धरला आहे, त्याला हृदयाच्या बंदिखान्यात कोंडले आहे, पायांत बेडी घातली आहे, आणि तो काकुळतीला आला तरी ती म्हणते, 'जीवें न सोडीं मी तुला'.

सगळेच संत असे बोलत नाहीत, हेही सांगायला हवे. आजी दिवेलागणीला 'अनुदिनि अनुतापें तापलों रामराया' म्हणते, ते रामदासांचे करुणाष्टक आहे. तिथे पश्चात्तापाने पोळलेला सेवक स्वामीपुढे उभा आहे, आणि त्याच्या तोंडी शिवी येणे शक्यच नाही. प्रत्येकाची जवळीक वेगळी असते.

आई म्हणण्याचे कोडे त्या मानाने सोपे आहे. पंढरपूरच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि एकमेकांना 'माउली' म्हणतात, मग समोरचा पुरुष असो, स्त्री असो की आठ वर्षांचे पोर. देव आई झाला म्हणजे त्याच्याकडे हट्ट करता येतो, रुसता येते, आणि उशीर झाला तर जाबही विचारता येतो. उशीर हा या कवितेतला मोठा विषय आहे. जवळीक सांगणाऱ्या या अभंगांपैकी कितीतरी देव जवळ नसतानाचे आहेत, आणि मला ते अधिक खरे वाटतात.

ज्ञानेश्वर 1275 ते 1296 एवढेच जगले. त्यांची ज्ञानेश्वरी सर्वांना माहीत असते, पण त्यांच्या नावावर विराण्याही आहेत, म्हणजे प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या तोंडची गाणी. एका विराणीत चांदणे, चाफा, चंदन हे सगळेच तिला नकोसे झाले आहे, आणि फुलांची थंडगार शेज आगीसारखी पोळते आहे. दुसऱ्या एका विराणीत ती कावळ्याशी बोलते: 'पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे'. स्वयंपाकघराच्या खिडकीवर कावळा ओरडला, की पाहुणे येणार असे आजी म्हणते ना? तोच शकुन या ओळीत आहे. उडालास तर तुझे पाय सोन्याने मढवीन असे ती त्या कावळ्याला सांगते, कारण तिला ज्या पाहुण्याची वाट पाहायची आहे तो पंढरीचा राजा आहे. संन्याशाच्या मुलाने, तेही विशीतल्या, हे लिहावे याचे मला आजही नवल वाटते. अलीकडे ही गाणी सभागृहांतून फार गोड करून गायली जातात. त्यातली ती खिडकीतली अस्वस्थ बाई मग कुठेतरी हरवते.

देहूचे तुकोबा सतराव्या शतकातले, आणि त्यांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतला एकच इथे सांगतो. 'कन्या सासुऱ्यासी जाये, मागें परतोनी पाहे' अशी पहिली ओळ आहे, आणि पुढची 'तैसें जालें माझ्या जिवा, केव्हां भेटसी केशवा'. दाढीमिशा असलेला, दुकान चालवलेला, दुष्काळात घरची माणसे गमावलेला हा गृहस्थ स्वतःला उंबरठा ओलांडून मागे वळून पाहणारी मुलगी समजतो. हेच तुकोबा दुसरीकडे संतापून 'माझे लेखीं देव मेला' असेही म्हणून गेले आहेत. दोन्ही अभंग त्याच गाथेत आहेत, आणि वारकऱ्यांनी त्यांतला कोणताही गाळला नाही.

देवाला राग येत नाही का, या तुझ्या प्रश्नाला संतांच्या कवितेत 'येतो' असे उत्तर मला कुठे आठवत नाही. राग येत होता तो माणसांना. मंगळवेढ्याच्या चोखोबांना ते महार म्हणून मंदिरात पाऊल ठेवू दिले जात नसे. त्यांचा एक अभंग 'धांव घालीं विठू आतां, चालूं नको मंद' असा सुरू होतो, आणि लगेच पुढे कारण येते: 'बडवे मज मारिती, ऐसा कांहीं तरी अपराध'. विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला, असे विचारून बडवे, म्हणजे मंदिरातले पुजारी, त्यांना मारत आहेत, आणि ते देवाला हळू चालू नकोस, धाव, असे सांगत आहेत. जनीचा देव केर भरतो ही गोष्ट ऐकायला छान वाटते. चोखोबांचा देव भिंतीच्या आत आहे, तो गळ्यातला हार बाहेर पाठवू शकतो, पण चोखोबांना आत घेतले जात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत. चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वारापाशी आहे, आणि त्यांच्या समाजातल्या माणसांना ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. भजनात 'अबीर गुलाल उधळीत रंग' हा अभंग आला, की तुझे पायही ठेका धरतात. तो चोखोबांच्या नावावर आहे. 'उंबरठ्यासी कैसे शिवू, आम्ही जातिहीन' ही त्यातली ओळ त्याच ठेक्यात येते आणि निघून जाते. पुढच्या वेळी ती नीट ऐक.

ठाण्यात या गोष्टी अजून टिकून आहेत त्या एरवीच्या दिवसांमुळे. आषाढीला जांभळी नाक्यावर तुळशीच्या माळा आणि हार घ्यायला गर्दी होते, ती तू पाहिलीस. पण मी ठाण्याहून रोज लोकल पकडत होतो तेव्हा कल्याणकडून येणाऱ्या गाड्यांतली भजनी मंडळे ऐकत होतो: ऑफिसला निघालेली माणसे, गळ्यात डब्याची पिशवी, हातात टाळ, आणि तो नसला तर डब्याचा पत्रा. मुलुंडपर्यंत जागा मिळो न मिळो, घाटकोपरपर्यंत एक गवळण पुरी होई. शेजारचा प्रवासी कधी वैतागे, कधी 'बोला पुंडलिक वरदे' आले की हात जोडी. आजीचे मंडळ त्याच जातीचे आहे. पेटी वाजवणाऱ्या काकूंचा सूर जरा खाली असतो आणि पखवाज नसल्यामुळे ढोलकीवर भागवतात, पण शिव्यांचा अभंग म्हणताना त्या बायकांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो पैसे देऊन ऐकलेल्या कार्यक्रमात मला कधी दिसला नाही.

आजीने तुला येत्या कामिका, म्हणजे आषाढ वद्य, एकादशीला एक अभंग म्हणायला सांगितले आहे, असे आजोबांकडून कळले. माझी सूचना सावता माळ्याच्या अभंगाची आहे. सावता सोलापूरकडच्या अरणचा. मळा सोडून तो पंढरपूरला गेला नाही, देवच त्याच्याकडे आला असे सांगतात, आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. आषाढ वद्य चतुर्दशी ही त्याची पुण्यतिथी, म्हणजे एकादशीनंतर लगेचच. अभंग सोपा आहे: 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी; लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी'. कांदेनवमीला भजी खाऊन झाल्यावर आजीने चार महिन्यांसाठी कांदा-लसूण बंद केले आहे, तेव्हा भर चातुर्मासात तिच्या देवघरासमोर कांद्यालसणाचे नाव घेतलेस तर सगळ्या काकू हसतील आणि आजी सर्वांत आधी हसेल. चाल मंडळातल्या कोणालाही येत असेल. टाळ घेतलास तर आजीच्या हाताकडे बघून वाजव, आणि म्हणताना घाई करू नकोस.

तुझा,
बाबा