जुन्या ॲक्सेंटचं पॉवर स्टेअरिंग ऑइल गळतंय. रॅक बदलावाच लागेल का?

रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, बदलायला इतक्यात हो म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २००६ ची ह्युंदाई ॲक्सेंट आहे, सांगलीत असते, महिन्या-दीड महिन्यात पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतलं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली जातं, पार्किंगमध्ये तांबूस डाग पडतो आणि गॅरेजवाल्यांनी गाडी वर घेऊन बघितल्याबरोबर 'रॅक गेलाय, आख्खा बदला' असं सांगितलं. वडिलांना आंबा घाटाने रत्नागिरीला जायचंय, म्हणून तुम्हाला घाई आहे. एवढ्या माहितीवर रॅक गेला असं कुणालाच म्हणता येणार नाही. मी जुन्या गाड्यांचं काम करतो. रॅकच्या नावावर आलेली गळती प्रत्यक्षात वरच्या एखाद्या पाइपात किंवा क्लिपमध्ये निघाली, असं वारंवार पाहिलंय. रॅक या सगळ्या जोडणीत सर्वांत खाली बसतो. वर कुठूनही ऑइल सुटलं तरी ओघळत त्याच्यावरच येतं, आणि खालून बॅटरीचा उजेड मारला की रॅक ओलाच दिसणार. खालून बघून निदान करायचं म्हणजे घराच्या भिंतीवरची ओल बघून पाइप कुठे फुटला ते ठरवण्यासारखं आहे.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. टाकीतून जाड रबरी पाइपाने ऑइल पंपाकडे जातं. पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. पंपातून ते जोराने, दाबाच्या पाइपातून रॅकमध्ये जातं आणि काम करून साध्या रबरी पाइपाने टाकीत परत येतं. गाडी सरळ चाललेली असताना दाब अगदी कमी असतो. स्टेअरिंग फुल लॉकला, म्हणजे एका बाजूला पार टोकापर्यंत, नेलं की तोच सत्तर-ऐंशी बारपर्यंत चढतो. टायरमधली हवा दोन बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा. म्हणूनच काही गळत्या गाडी उभी असताना दिसतच नाहीत, फक्त वळवताना सुटतात. काही नेमक्या उलट्या, उभ्या गाडीतच टपकणाऱ्या.

आता 'तोवर ऑइल भरत राहिलो तर चालेल का' या तुमच्या प्रश्नाकडे येतो. थोडे दिवस, लक्ष ठेवून, चालेल. पण त्याला उपाय समजू नका. टाकी रिकामी झाली तरी स्टेअरिंग बंद पडत नाही, चाकांशी त्याचा लोखंडी जोड कायम असतो. ते फक्त एकदम जड होतं. मात्र पंपाला या ऑइलचंच वंगण असतं. तो कोरडा फिरला की आतून घासतो आणि त्याचा धातूचा चुरा पाइपातून थेट रॅकमध्ये जातो. म्हणजे आज चांगला असलेला रॅक तेव्हा खरोखरच जाईल. दुसरा धोका आगीचा आहे, आणि तो मी फार गांभीर्याने घेतो. बोनेट उघडून गळतीच्या खाली सायलेन्सरचा गरम भाग येतो का ते आजच बघा. हे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं. चालू गाडीत जळकट वास येत असेल किंवा बोनेटखालून धूर दिसला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवू नका, रत्नागिरी लांबची गोष्ट.

वास-धूर काही नसेल आणि घाटातून जाणं टळण्यासारखं नसेल, तर निघण्याआधी इंजिन थंड असताना पातळी बघा, त्याच ऑइलची बाटली आणि नरसाळं डिकीत ठेवा, वाटेत थांबाल तिथे परत बघा. वडिलांना एवढं नक्की सांगा की उताराला पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं नाही. आपल्याकडे ही सवय अजून आहे. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, आणि ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन दाबांत संपते.

ऑइल कुठलं भरताय हेही तपासा. ॲक्सेंटला पीएसएफ-३ या प्रकारचं पॉवर स्टेअरिंग ऑइल लागतं. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात पाहून खात्री करून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं म्हणून ते सगळीकडे सर्रास ओततात, पण होंडाला तिचं स्वतःचं वेगळं ऑइल लागतं आणि जुन्या ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांना हिरवं. ती एकमेकांत मिसळायची नसतात. ब्रेक ऑइल तर चुकूनसुद्धा नको. ते या यंत्रणेतल्या रबराला चालत नाही, सील फुगून मऊ पडतात आणि मग एका जागेची गळती सगळीकडे होते. कुणी घाईत ते टाकलंच असेल तर इंजिन चालू न करता सगळं काढून यंत्रणा धुवून घ्यावी लागते.

डाग खरंच याच ऑइलचा आहे का, याचीही खात्री करा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने खूण करून ठेवा. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल लालसर, जुनं झालं की तपकिरी, बोटांना पातळ आणि गुळगुळीत लागतं. इंजिन ऑइल त्याहून काळं आणि जाड असतं. कूलंट पाण्यासारखं पातळ, हिरवं किंवा गुलाबी, वासाला गोडसर. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही लालच असतं, तिथे गोंधळ होतो. तुमच्या टाकीतली पातळी उतरते आहे, म्हणजे इथे शंका कमी. पण पुठ्ठ्यामुळे थेंब कोणत्या बाजूला, किती पुढे-मागे पडतो ते कळतं, आणि ते मेकॅनिकला दाखवता येतं.

यापुढचं काम धीराने करायचं आहे. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेलाचा थर असताना गळती सापडत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकी, पाइप, पंप आणि रॅक डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) मारून ब्रशने घासून घ्या. अल्टरनेटरवर आधी प्लास्टिकची पिशवी बांधा. पेट्रोलने धुऊ नका. सगळं पुसून, वाळवून झाल्यावर सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मग एकाला आत बसवून इंजिन चालू करा, त्याला स्टेअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवू द्या. टोकाला गेल्यावर दोन-तीन सेकंद, जास्त नाही. तिथे धरून ठेवलं की पंपावर पूर्ण ताण येतो. तुम्ही बाहेरून बॅटरीच्या उजेडात बघा. पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली, तिथे गळती आहे. खाली ओलं झालेलं सगळं तिचेच ओघळ. दाबाच्या पाइपावर बोट फिरवून गळती चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून त्या दाबाने सुटलेलं ऑइल कातडीतून आत शिरतं, आणि बाहेरून टोचल्याएवढी दिसणारी ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

काहीच दिसलं नाही तर गाडी दोन दिवस नेहमीसारखी वापरून पुन्हा बघा. मोठ्या गॅरेजमध्ये ऑइलमध्ये रंग टाकून अतिनील दिव्याखाली बघतात, तेही चांगलं.

माझा अनुभव सांगतो की वीस वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीत पहिल्यांदा रबरी पाइप जातात. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, क्लिपखाली चिरा पडतात. उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीरही हे पाइप कुरतडतात, खेडेगावात तर हमखास. परतीचा पाइप किंवा टाकीपासून पंपाकडे जाणारा पाइप गेला असेल तर खर्च अगदी किरकोळ. फक्त मिस्त्रीने पाण्याचा किंवा हाती लागेल तो पाइप कापून बसवायला नको. पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलला आणि उष्णतेला टिकणाराच हवा, नाहीतर काही महिन्यांत फुगून परत गळतो. क्लिपही नव्या घाला.

दाबाचा पाइप जिथे रबर आणि लोखंडी नळी प्रेस करून जोडलेली असते, तिथे पाझरतो. नवीन मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर तुमच्या भागात सोय आहे. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला किंवा कोल्हापूरला शिरोलीत ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक होज (जास्त दाबाचे रबरी पाइप) प्रेस करून देणारे शोधा. जुन्या पाइपाची टोकं ठेवून मधलं रबर बदलून देणारे कारागीर असतात. मात्र त्यांना 'पॉवर स्टेअरिंगसाठी' असं स्पष्ट सांगा. गाडीचा मूळ पाइप दाबाखाली थोडा फुगेल असाच केलेला असतो, त्यात पंपाचे धक्के जिरतात. त्या प्रकारच्या होजचा मानक क्रमांक एसएई जे१८८. साधा जेसीबीचा होज दाब सहन करेल, गळणार नाही, पण स्टेअरिंगमध्ये गुणगुण आणि थरथर येऊ शकते. पाइप लावताना सांध्यावरचे तांब्याचे वॉशर किंवा ओ-रिंग (गोल रबरी कडं) नवीनच लावायचे. जुने वॉशर परत आवळून काम उरकलं की नवा पाइपसुद्धा गळतो, आणि मग बिचाऱ्या पाइपाला दोष.

पुलीच्या मागे ओलं असेल आणि पट्ट्यावर ऑइल उडालेलं दिसत असेल, तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. ते बदलता येतं. पंप काढल्यावर पुली हाताने हलवून बघायला सांगा. हलत असेल तर बुश किंवा बेअरिंग झिजलंय आणि नुसतं सील टिकणार नाही. ऑइल प्यायलेला पट्टाही बदलून टाका.

आता रॅक. त्याचा निकाल लावायची एक सोपी तपासणी आहे आणि ती तुमच्यासमोर करून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बेलो असतात. त्यांची आतली क्लिप सोडून बेलो मागे सरकवायला सांगा. आत थोडं ग्रीस असणं ठीक. पातळ ऑइल बाहेर ओतलं तर रॅकचं आतलं सील खरोखर गेलंय. दोन्ही बाजू बघा, कारण बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बेलो एका बारीक नळीने जोडलेले असतात आणि एकीकडचं ऑइल दुसरीकडे पोचतं. दोन्ही बेलो कोरडे निघाले तर स्टेअरिंगचा दांडा रॅकमध्ये शिरतो तिथलं वरचं सील तेवढं बघायचं राहतं. तेही कोरडं असेल तर रॅक बदलायची गरज नाही, मग गॅरेजवाले काहीही म्हणोत.

बेलोत ऑइल सापडलंच, तरी लगेच नवा रॅक नको. सील किट घालून रॅक दुरुस्त होतो, पण त्याच्या दांड्यावर सगळं अवलंबून आहे. दांडा चकचकीत हवा. बेलो फाटून पावसाळ्यात चिखल-पाणी आत गेलं असेल तर त्यावर गंजाचे खड्डे पडतात. नख फिरवून अडकलं, की समजा ते खड्डे नवं सील काही महिन्यांत कापणार. अशा दांड्यावर किटचे पैसे घालू नका. त्यापेक्षा वॉरंटी देणाऱ्याकडून रिकंडिशन केलेला रॅक घ्या. भंगार बाजारातून काढलेला रॅक मी सुचवणार नाही. तो आतून कसा आहे ते बसवल्याशिवाय कळत नाही, आणि बसवायची मजुरी दोनदा जाते. रॅक उतरवला असेल तर नंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर टायर कडेने खातात.

गळती थांबवणारं औषध बाटलीत मिळतं, त्याबद्दलही विचारलंय. ते कडक झालेलं सील थोडं मऊ करून फुगवतं. सील नुसतं पाझरत असेल तर काही दिवस निघतात. फुटलेल्या पाइपावर, सैल क्लिपवर किंवा खड्डे पडलेल्या दांड्यावर त्याचा काही उपयोग नाही. कुठे गळतंय हे कळायच्या आत ते टाकू नका.

काम कुठलंही झालं तरी शेवटी एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, नीट काढून घ्या, कारण इथे सर्वांत जास्त घाई होते. पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवायची, टाकी भरायची आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. पातळी उतरेल तसं ऑइल घालायचं. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करून तेच पुन्हा. टाकीत फेस दिसला तर इंजिन बंद करून तो बसू द्यायचा.

एवढं करूनही वळवताना कण्हल्यासारखा आवाज राहिला आणि ऑइल फेसाळत राहिलं, तर आता पंप बदला म्हणतील. आधी टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप आणि तिथली ओ-रिंग बघायला सांगा. ती ओढीची बाजू आहे. चालू गाडीत तिथून ऑइल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत खेचली जाते.