ठाण्यात सोसायटीच्या मागच्या जागेत बायोडायनॅमिक पद्धतीने भाजी करायची आहे. आच्छादन पीक कोणतं घ्यावं? शिंगखत आणि चंद्राचं पंचांग खरंच लागतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं. आच्छादन पीक म्हणजे माती उघडी पडू नये म्हणून घ्यायचं पीक. पाणी साचत असेल तर धैंचा, साचत नसेल तर ताग (दोन्ही वाढवून मातीत गाडायची हिरवळीची पिकं), आणि दिवाळीच्या सुमारास वाल किंवा चवळी. दुसरा प्रश्न बायोडायनॅमिकचा, म्हणजे खास खतं वापरून आणि चंद्र बघून करायच्या सेंद्रिय शेतीचा. त्यासाठी मला माझ्या मेहुण्याबद्दल बोलावं लागेल.

आमची इमारत घोडबंदर रोडला, वाघबीळच्या आतल्या अंगाला. मागच्या भिंतीला लागून जेमतेम अर्धा गुंठा जागा आहे. बिल्डरने जाताना उरलेला मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट सगळं तिथेच पसरून ठेवलेलं. कुदळ मारली की टण्ण आवाज यायचा. कमिटीने परवानगी दिली ती "इथे काय उगवणार आहे" या भरवशावर.

मेहुणा नेरूळला राहतो. त्याच सुमारास तो बायोडायनॅमिकचा कोर्स करून आला आणि एका बरणीत शिंगखत घेऊन दारात उभा राहिला. गाईच्या शिंगात शेण भरून आश्विनात पुरायचं आणि फाल्गुन-चैत्रात उकरायचं, तेच हे. प्रमाण एकरी २५ ग्रॅम, साधारण १३ लिटर पाण्यात तासभर ढवळून. मी हिशेब मांडला. अर्धा गुंठा म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. खत पाव ग्रॅमच्या किंचित वर आणि पाणी चहाच्या कपाएवढं. "अरे, हे मोजायला सोनाराकडे जाऊ का?" असं विचारलं, तर तो हसला नाही. चिमूटभर खत बादलीत टाकून गच्चीत तासभर ढवळत बसला, आधी एका बाजूने भोवरा, मग उलट्या बाजूने. त्याची बहीण दर दहा मिनिटांनी "चहा ठेवू का" विचारत होती. संध्याकाळी कुंच्याने सगळीकडे शिंपडून, जेवून गेला.

मी मात्र कल्याणहून तागाचं बी आणलं होतं. हेक्टरी ५० किलोच्या हिशेबाने अर्ध्या गुंठ्याला पाव किलो पुरतं. मी दुप्पट टाकलं, कारण त्या मातीवर माझा विश्वास नव्हता. २०२१ च्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं. वरच्या बाजूला सुरेख उगवलं. खालच्या कोपऱ्यात जुलैचं पाणी आठवडाभर तुंबलं आणि ताग कुजून गेला. तिथे मग धैंचा टाकला, तो घोटाभर पाण्यातही उभा राहिला. ताग-धैंच्यातला हा फरक लक्षात ठेवा.

महिन्याने एक रोप मुळासकट उपटून बघितलं. मुळांवर गाठी नावाला दोन-चार, नखाने फोडल्या तर आतून पांढऱ्या. आतून गुलाबी असेल तरच ती गाठ हवेतला नत्र धरते. गाठीत नत्र धरतात ते जिवाणू, भरावाच्या मातीत ते नव्हतेच. पुढच्या वर्षी मी चवळी गटाचं रायझोबियम, म्हणजे तेच जिवाणू, बियाण्याला चोळलं, शिवाय गावच्या चवळीच्या वाफ्यातली चार मुठी माती पसरली. तेव्हा गाठी मण्यांसारख्या लगडल्या.

पण पहिल्या वर्षीची खरी चूक वेगळीच. ताग पंचेचाळीसएक दिवसांत, कळी धरताना कापायचा असतो, हे मला माहीत होतं. तरी कापला नाही. पिवळी फुलं आली, फुलपाखरं यायला लागली, चौथ्या मजल्यावरच्या आजी रोज खिडकीतून बघायच्या. कमिटीतून "साप येतील" अशी तक्रार आली म्हणून तर मी हट्टाने आणखी ठेवला. सत्तर दिवसांनी कापायला गेलो तर कोयता चालेना. ताग हे मुळात दोराचं पीक, त्याची काठी झाली होती. तसाच तुकडे करून मातीत गाडला आणि आठवडाभरात, पिठोरी अमावास्येला, वर वांग्याची रोपं लावली. गणपतीची गडबड सुरू होण्याआधी उरकायचं होतं.

गणपतीत सगळे जमले तेव्हा वांगी पिवळी पडली होती. मेहुण्याने एकदा खिडकीतून बघितलं आणि पानावर बसल्या बसल्या निदान केलं: "भावोजी, अमावास्येला लावलीत ना?"

त्यावर थांबला असता तर मी विसरलोही असतो. पण तो माझ्या बाबांकडे वळला. "काका, तुमच्या वेळी कव्हर क्रॉप ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे जमिनी गेल्या."

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पनवेल तालुक्यात आयुष्यभर भात केला, आणि भात काढला की त्याच ओलीवर वाल. त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला आणि विचारलं, "मग आम्ही वाल टाकायचो तो काय गंमत म्हणून?"

पंगतीत कोणी बोललं नाही. मी तर नाहीच, पाहुण्याला काय बोलणार. ते न बोलणं मला अजून टोचतं, म्हणून इथे बोलतोय.

वाल हे आच्छादन पीकच आहे, मेहुण्याच्या भाषेत कव्हर क्रॉप. भातानंतर उघडं पडणारं शेत तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाकतो, नत्र धरतो, वर पैसे देतो. मेहुणा ज्या श्टायनरचं नाव घेतो, त्याची बायोडायनॅमिकचा पाया घालणारी ती आठ व्याख्यानं १९२४ सालची, कोबरविट्झला, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये. त्यात खतांसाठी सांगितलेली ओकची साल येऊरच्या जंगलात मिळत नाही आणि डँडेलियन गावदेवी मंडईत विकायला येत नाही. वालाचं बी मात्र बाबांच्या कोनाड्यात राखेत ठेवलेलं असायचं.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर मेहुणा हे वाचून फोन करेल. आमच्याकडे वाल मुळासकट उपटला जायचा. शेंगा घरात आणि पोपटीच्या मडक्यात, वेल गुरांपुढे. म्हणजे धरलेला बराचसा नत्र शेताबाहेर. वेल जमिनीलगत कापून मुळं आत ठेवली असती तर जास्त फायदा झाला असता. बाबा राबही भाजायचे. रोपवाटिकेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या रचून पेटवायचे. तणाचं बी जळतं, राख मिळते, सगळं खरं, पण कितीतरी पाला धूर होऊन गेला. आणि माझा ताग बघून बाबाच म्हणाले होते, "पेरायचं, वाढवायचं नि गाडायचं? खुळा झालास."

तर वांगी. ती अमावास्येने पिवळी पडली नव्हती. काष्ठ झालेला ताग मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतला नत्र ओढून घेतात, वरच्या पिकाला काही उरत नाही. कोवळा ताग गाडला तर तो लवकर कुजून उलट नत्र सोडतो. चंद्र बिचारा यात कुठेच नाही.

हे सिद्ध करायला मी २०२२ मध्ये मुद्दाम पिठोरी अमावास्याच धरली. जूनच्या मध्यात ताग, पंचेचाळीस दिवसांनी कापणी. निम्म्या जागेत मातीत मिसळला, निम्म्यात नुसता वर अंथरला, आणि साडेतीन आठवडे हात लावला नाही. मग त्याच तिथीला त्याच जातीची वांगी. दिवाळीला एवढी लागली की शेजाऱ्यांना वाटून संपेनात. मेहुण्याला पिशवी भरून दिली आणि तिथी सांगितली. तो म्हणाला, "शिंगखत मुरायला वर्ष लागतंच."

तर शिंगखत लागतं का? माझ्या मते नाही. शिंपडल्याने नुकसानही काही नाही. पंचांगाचा एकच उपयोग मला दिसला: मेहुणा त्यामुळे ठरल्या दिवशी बागेत जातो. तेवढं पुष्कळांना जमत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जागा भरावाची असेल तर पेरण्याआधी माती तपासून घ्या. सिमेंट-चुन्यामुळे ती अल्कधर्मी असू शकते, आणि भरावात काय काय आलंय सांगता येत नाही. कुंड्याच असतील तर तागाच्या नादी लागू नका, डब्यातले मूग दाट पेरून महिन्याने कापा. ताग गाडल्यावर दोन-तीन आठवडे मेथी, कोथिंबीर असलं काही पेरू नका, कुजणाऱ्या तागावर बी नीट रुजत नाही. तागाचं बी गुराढोरांच्या तोंडी लागू देऊ नका. टाकळा पावसात आपोआप येतो, शेंगाही धरतो, पण त्याच्या मुळांवर गाठी नसतात. भाजी करून खा, नत्राची आशा ठेवू नका. उन्हाळ्यात माती उघडी ठेवू नका, जवळपास उंदीरमारीचं (ग्लिरिसिडियाचं) झाड असेल तर त्याचा पाला अंथरायला उत्तम.

आणि ताग वेळेवर कापा. फुलं बघायची हौस असेल तर कडेला चार झाडं राखा. आम्ही ठेवतो, चौथ्या मजल्यावरच्या आजींसाठी.