‘बसवा त्याला’ ते ‘आणा त्याला’: पेटन मॅनिंगचा शेवटचा सीझन

न्यू जर्सीहून विचारणाऱ्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या लोकांमुळे दोन वर्षांपासून अमेरिकन फुटबॉल बघायला लागलो. हे लोक आपल्या वयस्क क्वार्टरबॅकला (डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) एका सोमवारी डोक्यावर घेतात आणि पुढच्या सोमवारी ‘बसवा त्याला’ म्हणतात. यांची निष्ठा इतकी कच्ची कशी? आणि खेळाडू खरंच संपलाय की नुसते वाईट दिवस चालू आहेत, हे ओळखायचं कसं?

निष्ठा कच्ची नसते असं माझं मत आहे. २०१५ साली इथे डेन्व्हरमध्ये मीही दर आठवड्याला मत बदलत होतो, आणि तरी त्या सीझनइतका जीव मी कुठल्याच खेळात कधी लावला नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमचा संघ डेन्व्हर ब्राँकोज. पेटन मॅनिंग इथे आला मार्च २०१२ मध्ये. त्याआधीची सगळी कारकीर्द इंडियानापोलिसच्या कोल्ट्सकडे. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे २०११ चा अख्खा सीझन त्याचा हुकला आणि कोल्ट्सनी त्याला मोकळं केलं. मानेचे मणके जोडलेला, छत्तिशीत आलेला माणूस, पण शहराने त्याला घरच्या माणसासारखं घेतलं. १८ नंबरची जर्सी ब्राँकोजनी फ्रँक ट्रिपुका या आपल्या पहिल्या क्वार्टरबॅकच्या सन्मानार्थ कायमची बाजूला ठेवली होती. ती मॅनिंगने घालावी म्हणून ट्रिपुकांनी स्वतः होकार दिला. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, मॅनिंगने ५५ टचडाउन पास (ज्या फेकीवर चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचून गुण मिळतात) आणि फेकींनी पुढे नेलेले ५,४७७ यार्ड असे लीगचे दोन विक्रम एकाच सीझनमध्ये केले. त्याच सीझनचा शेवट सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिॲटलकडून ४३-८ अशा पराभवाने झाला. तो पराभव इथल्या लोकांच्या छातीत रुतून बसला होता. २०१५ मधली प्रत्येक प्रतिक्रिया समजून घ्यायची तर ५५ आणि ४३-८ हे दोन्ही आकडे सोबत ठेवावे लागतात.

आणखी एक गोष्ट डेन्व्हरपुरती. इथल्या लोकांनी एका म्हाताऱ्या क्वार्टरबॅकचा सुंदर शेवट आधीच पाहिलेला होता. जॉन एलवेने तीन सुपर बोल हरल्यावर ३७ व्या आणि ३८ व्या वर्षी लागोपाठ दोन जिंकले आणि मग निवृत्ती घेतली. २०१५ मध्ये तोच एलवे संघाचा सर्वेसर्वा होता. मॅनिंगकडे बघताना लोकांना मागे एलवे दिसत असे. तुलना खेळाशी होत नव्हती, शेवटाशी होत होती.

माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सत्तरच्या दशकापासून त्यांच्याकडे सीझन तिकीट आहे. त्यांची एक वही आहे. प्रत्येक सामन्याला एक पान: किती फेकी, किती यार्ड, किती टचडाउन, किती इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेल्या फेकी), आणि खाली एखादी ओळ. मी खेळ शिकलो तो बराचसा त्या वहीतून.

सप्टेंबर २०१५ मध्ये मॅनिंग ३९ वर्षांचा होता आणि कोच नवा होता, गॅरी कुबियॅक. मॅनिंगची सवय सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, मागे थोडं अंतर ठेवून उभं राहायची, समोरची बचाव फळी वाचायची आणि ऐनवेळी ओरडून डाव बदलायची. ते ‘ओमाहा! ओमाहा!’ टीव्हीवर ऐकून माझी लहान मुलगी घरभर तसंच ओरडत फिरायची. कुबियॅकच्या पद्धतीत मात्र क्वार्टरबॅक सेंटरला खेटून उभा राहतो, चेंडू घेऊन बाजूला पळतो आणि पळता पळता फेकतो. या वयात, अशा मानेने, हे जड जाणारच होतं. पहिल्या सामन्यात बाल्टिमोरविरुद्ध जिंकलो १९-१३, पण मॅनिंगच्या नावावर एकही टचडाउन पास नाही. टचडाउन केला बचाव फळीतल्या अकीब तालिबने. हे पुढे पुन्हापुन्हा झालं. संघ जिंकायचा, पण जिंकून द्यायची ती बचाव फळी. क्लीव्हलँडमध्ये मॅनिंगने तीन इंटरसेप्शन दिले आणि तरी जादा वेळेत २६-२३ ने सुटलो.

सात सामने, सात विजय. या काळात लोक दोन भाषा बोलत. चारचौघांत ‘जिंकतोय ना, मग काय?’ आणि घरी आल्यावर ‘हात गेलाय रे त्याचा’. मला ही दुटप्पी वागणूक वाटत नाही. घरात आजारी माणूस असेल तर आपण बाहेर ‘बरे आहेत’ म्हणतो आणि आत येऊन डॉक्टरांचे रिपोर्ट काढून बसतो, तसं ते होतं. १ नोव्हेंबरला ग्रीन बेविरुद्ध मॅनिंगने ३४० यार्ड फेकले, २९-१० ने जिंकलो, आणि घरचा ‘हात गेलाय’ एका रात्रीत गप्प झाला. मीही झालो. पुढच्या रविवारी इंडियानापोलिसला हरलो.

मग १५ नोव्हेंबर. शेजाऱ्यांचा मुलगा गावाला गेला होता म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं. समोर कॅन्सस सिटी. ब्रेट फाव्हर या आधीच्या क्वार्टरबॅकचा कारकिर्दीतल्या यार्डांचा विक्रम मोडायला मॅनिंगला तीन यार्ड हवे होते. रॉनी हिलमनला चार यार्डांचा छोटासा पास गेला, विक्रम झाला, खेळ थांबला, सगळं स्टेडियम उभं राहिलं. शेजारी रडत होते.

त्यानंतर जे झालं ते बघवलं नाही. २० फेकींपैकी ५ पोचल्या. ३५ यार्ड, चार इंटरसेप्शन. पासर रेटिंग नावाचा एक हिशोब असतो, तो १५८.३ पर्यंत जाऊ शकतो. मॅनिंगचा त्या दिवशी शून्य. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात, त्याला काढून पंचविशीच्या आतल्या ब्रॉक ऑस्वायलरला पाठवलं. आमच्या भागात आधी हुर्यो झाली होती, ऑस्वायलर आला तशा टाळ्या पडल्या. ज्यांनी दोन-अडीच तासांपूर्वी उभं राहून मानवंदना दिली तेच लोक. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि हेही खरं की ऑस्वायलरचा पहिला पास नीट गेला तेव्हा मलाही हायसं वाटलं.

हे फक्त अमेरिकेत होतं असं समजू नका. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत, सचिन एका धावेवर बाद झाला तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली होती. आपल्या गावात, आपल्या माणसाची. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याची हुर्यो कोणी उडवत नाही.

सामन्यानंतर कुबियॅकने मॅनिंगला खेळवल्याचा दोष स्वतःकडे घेतला. मॅनिंगच्या डाव्या पायाच्या तळव्याचा स्नायुबंध दुखावलेला होता हे सगळ्यांसमोर आलं. इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा थांबतो.

क्वार्टरबॅक संपलाय का हे बघायला सगळे हाताकडे बघतात. आधी पाय बघा. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावा पाय पुढे रोवावा लागतो, त्या रोवलेल्या पायावरून कंबर फिरते आणि चेंडूला जोर मिळतो. पाय रोवताच येत नसेल तर सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो आणि चेंडू हवेत तरंगत राहतो. चेंडू लटपटत जातो म्हणून घाबरू नका. मॅनिंगचे पास तर ५५ टचडाउनच्या वर्षीही लटपटत. इथे त्याला ‘बदक’ म्हणतात, आणि आपण बदकं फेकतो हे त्याने स्वतः मोकळेपणाने मान्य केलं होतं. खरी परीक्षा बाजूच्या रेषेकडे जाणाऱ्या पासची. मैदानाच्या मधून कडेला जाणाऱ्या त्या फेकीला हवेत बराच वेळ लागतो. तिथे बचावपटू पळत येऊन पोचायला लागले, की काहीतरी कायमचं गेलंय असं समजावं. मधल्या छोट्या फेकी बिघडल्या तर मात्र बहुतेकदा कारण दुसरंच असतं: दुखापत, नवी पद्धत, त्याला वाचवणारी आपलीच पुढची फळी कमकुवत. मॅनिंगचं दोन्ही बिघडलं होतं, म्हणून निदान इतकं अवघड गेलं. थोडं वयाचं होतं, थोडं पायाचं. पायाचं बरं होणार होतं.

ऑस्वायलर सात सामने सुरुवातीपासून खेळला. २९ नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, न्यू इंग्लंडला जादा वेळेत ३०-२४ ने हरवलं आणि गावाने मॅनिंगला मनातल्या मनात निरोप दिला. ऑफिसात एकही माणूस ‘मॅनिंगला परत आणा’ म्हणत नव्हता. शेजाऱ्यांनी १८ नंबरची जर्सी घडी करून ठेवली आणि एलवेची जुनी ७ नंबरची बाहेर काढली. त्या दिवशी मी वही मागितली तेव्हा दिसलं, १५ नोव्हेंबरच्या पानावर विक्रम तेवढा लिहिला होता. बाकीचे रकाने कोरे. चाळीस वर्षांच्या वह्यांमध्ये असं दुसरं पान नाही, असं ते म्हणाले.

डिसेंबरात ओकलंडकडून घरच्या मैदानावर १५-१२, मग पिट्सबर्गकडून ३४-२७ असे हरलो आणि वारं फिरलं. तरुण माणसाच्या चुका दिसायला लागल्या. ३ जानेवारीला सॅन डिएगोविरुद्ध तर आमच्या संघाने पाच वेळा चेंडू गमावला. त्यातल्या सगळ्याच चुका ऑस्वायलरच्या नव्हत्या, हे मला आजही सांगावंसं वाटतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये संघ मागे असताना १८ नंबर मैदानात आला. मी घरी टीव्हीसमोर होतो. खिडकीतून शेजाऱ्यांच्या घरातला ओरडा ऐकू आला. मॅनिंगने काही मोठं केलं नाही, फक्त पाच पास पोचवले. पण समोरची रचना बघून तो धावण्याचे डाव लावत गेला, संघ शांत झाला, २७-२० ने जिंकलो आणि त्याच दिवशी न्यू इंग्लंड हरल्यामुळे प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, सामने घरच्या मैदानावर आले. नोंदीत तो विजय ऑस्वायलरच्या नावावर आहे, कारण सुरुवात त्याने केली होती.

त्या दिवशी मला कळलं, आम्ही सगळे दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत होतो. ‘याच्यात किती उरलंय?’ याचं प्रामाणिक उत्तर होतं, फार थोडं. सीझनचा हिशोब ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन असा आहे, तो कोणी सजवू नये. ‘पुढच्या सामन्यात चेंडू कोणाच्या हातात हवा?’ याचं उत्तर मात्र आठवड्यागणिक बदलतं, कारण पाय बरा होतो, बचाव फळी लीगमध्ये पहिली येते आणि तिला चेंडू न गमावणारा माणूस पुरतो. नोव्हेंबरात ‘बसवा’ म्हणणारे बरोबर होते. जानेवारीत ‘आणा’ म्हणणारेही बरोबर होते, आणि ते बहुतेक तेच लोक होते.

प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला २३-१६ ने हरवलं. २४ जानेवारीला न्यू इंग्लंडविरुद्ध मॅनिंगने ओवेन डॅनियल्सला दोन टचडाउन पास दिले, एकदा तर स्वतः बारा यार्ड पळाला, आणि २०-१८ ने जिंकलो. त्याचं ते पळणं डोळ्यांसमोर आहे. इतकं सावकाश की कोणी अडवेल असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. सुपर बोल ७ फेब्रुवारी २०१६ ला, सँटा क्लारात. कॅरोलायनाला २४-१० ने हरवलं. सामना जिंकून दिला आमच्या बचाव फळीतल्या व्हॉन मिलरने. त्यांचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हातातून दोनदा चेंडू उडवला आणि सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मॅनिंग २३ पैकी १३, यार्ड १४१, एक इंटरसेप्शन. तीन प्लेऑफ सामन्यांत त्याचं ते एकच इंटरसेप्शन. महिनाभराने, ७ मार्चला, त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्या दुपारी शेजाऱ्यांकडे गेलो तर वही टेबलावर उघडी होती. मॅनिंगची शेवटची फेक ही टचडाउननंतरच्या दोन गुणांच्या प्रयत्नाची, बेनी फाउलरला. अशी फेक लीगच्या हिशोबात पास म्हणून धरत नाहीत, म्हणून २३ मध्ये ती नाही. शेजाऱ्यांनी सुपर बोलच्या पानावर रकान्यांखाली एक वेगळी रेघ ओढून ती लिहिली होती. मग त्यांनी मागे पानं उलटली, १५ नोव्हेंबरचं पान काढलं, आणि पेन घेऊन कोरे रकाने भरले: २० पैकी ५, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन.