घन, द्रव, वायू: पहिला तास

सर, व्याख्या आधी फळ्यावर लिहूच नका. खानापुरात औषध दुकानातून नव्या सिरिंज आणा, सुया काढून पोरांच्या हातात द्या. टोक बोटानं बंद करून आधी हवा दाबू दे, मग पाणी. हवा दबते, पाणी हटत नाही. निम्मा धडा तिथंच झाला.

हमखास होणाऱ्या चुका:
- चित्रात द्रवातले कण (पदार्थ ज्यांचा बनतो ते अतिबारीक भाग) लांब लांब काढणं. ते जवळपास घनाइतकेच दाटीनं असतात, फक्त जागा बदलतात.
- तापवल्यावर कण फुगतात असं पोरांना वाटू देणं. अंतर वाढतं, कण तेवढाच राहतो.

कणांच्या मध्ये काय? पोरं ‘हवा’ म्हणणारच. तिथं काहीच नसतं. यावर दहा मिनिटं बिनधास्त घालवा. प्लाझ्मा, म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था, यंदा नकोच.