ओटा बदलताय? आधी दगडाचा तुकडा घरी आणा

दिवाळी जवळ आली की टपालात ओटेच ओटे येतात. सगळी पत्रं छापता येत नाहीत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. माझे वडील फरशीकाम करायचे आणि मी साइटवरच वाढले. त्यामुळे दुकानदाराला न आवडणारं काही लिहिलं गेलं तर त्यांनी पुढच्या अंकात जरूर उत्तर द्यावं.

प्रश्न : नवीन फ्लॅटमध्ये बिल्डरने काळा ग्रॅनाइट बसवलाय. सुनेला पांढरा ओटा हवाय. दुकानदार मार्बल, क्वार्ट्झ आणि ‘पांढरा ग्रॅनाइट’ दाखवतो. आमच्याकडे लोणची-मसाले भरपूर होतात. काय घ्यावं? (एक सासूबाई, इंदिरानगर)

सासूबाई, पांढरा ओटा दिसतो छान, सुनेचं काही चुकत नाही. पण मार्बल यादीतून आधी काढा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, दही यांतलं आम्ल त्याचं पॉलिश खातं. लिंबाची फोड थोडा वेळ उपडी पडली तरी तिथे निस्तेज गोल उमटतो. तो डाग समजून बायका घासत बसतात. तो डाग नसतोच, दगडाचा वरचा पातळ थर गेलेला असतो आणि पुन्हा पॉलिश मारल्याशिवाय तो गोल जात नाही. लोणची घालणाऱ्या घरात मार्बलचा ओटा म्हणजे जन्मभराचं सोवळं.

क्वार्ट्झ हा खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. सुमारे ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन (चुरा चिकटवून धरणारी राळ) व रंग घालून कारखान्यात त्याची पाटी दाबून काढतात. लिंबाला तो दाद देत नाही, सीलर (दगडाने तेल-पाणी पिऊ नये म्हणून लावायचं द्रावण) लागत नाही, डाग सहसा मुरत नाहीत. त्याला नडते ती उष्णता. रेझिन साधारण १५० अंशांपुढे बिघडायला लागतं आणि तळणीचं तेल त्याच्या सहज वर जातं. कढई गॅसवरून उचलून थेट ओट्यावर ठेवायची सवय असेल, तर पिवळट गोल कायमचा राहील. खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल तरी तो हळूहळू पिवळा पडू शकतो.

राहिला पांढरा ग्रॅनाइट. खरा असेल तर आम्ल आणि आच दोन्ही सोसतो. अडचण अशी की फिकट जातींपैकी बऱ्याच तेल पितात, आणि बाजारात पांढरा ग्रॅनाइट म्हणून कधीकधी मार्बलचाच भाऊ गळ्यात मारतात. म्हणून यार्डात पसंत केलेल्या पाटीचाच हातभर तुकडा मागून घरी आणा. फुकट मिळतो. देत नसतील तर दुकान बदला. त्यावर एकीकडे लिंबाचा रस, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे हळद कालवलेलं तेल टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुसून खिडकीशी तिरपा धरून बघा. लिंबाखालची चमक गेली असेल तर तो दगड कॅल्शियमचा, नको म्हणा. पाण्याखाली गडद ठिपका राहिला तर दगड शोषतो, सीलर लागणार. हळदीचं काय झालं ते सुनेलाच बघू द्या.

मला विचाराल तर शेगडी आणि सिंकचा ओटा आहे तो काळाच राहू द्या. समोरच्या, नाश्त्याच्या कट्ट्यावर सुनेच्या आवडीचा पांढरा क्वार्ट्झ घाला. धडधाकट दगड उखडून फेकण्यात कसली हौस?

प्रश्न : काळ्या ग्रॅनाइटमध्येही फसवणूक होते का? (पंचवटी)

होते. मळकट दगडाला रंग देऊन ‘जेट ब्लॅक’ करतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन तुकड्याची पाठ आणि तोंड चोळा. फडकं काळं झालं तर पुढचं बोलायला नको.

प्रश्न : ओटा बसवून वर्षही झालं नाही आणि हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कोपऱ्यातून मागच्या भिंतीपर्यंत चीर गेली. मिस्त्री म्हणतो दगडच सदोष होता. खरं काय? (पाथर्डी फाटा)

फोटो पाठवलात ते बरं झालं. चीर बरोबर कोपऱ्यातूनच निघालीय, म्हणजे माझा संशय कापणीवर आहे. हॉबचा चौकोन ग्राइंडरने कापताना दोन्ही काप कोपऱ्यात एकमेकांच्या पुढे गेलेले दिसतात. दगडाला काटकोन सोसत नाही, सगळा ताण तिथे गोळा होतो. चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक पाडायचं आणि मग ती भोकं जोडत कापायचं, ही रीत आहे. वेळ लागतो, म्हणून टाळतात. त्यात तुमच्या हॉबच्या पुढे दगडाची जेमतेम दोन इंचांची पट्टी उरलीय आणि खाली आधार नाही.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे कडाप्प्याच्या उभ्या पट्ट्या, त्यांवर आडवा कडाप्पा, त्यावर माल आणि मग ग्रॅनाइट. त्यात दगड सगळीकडून टेकलेला असायचा. आता मॉड्युलरच्या पेट्यांवर १८-२० मिलीमीटरची पाटी नुसती ठेवतात. चालतं, पण सिंक आणि हॉबच्या दोन्ही बाजूंना आधार हवाच.

आता उपाय. खालून लोखंडी किंवा कडाप्प्याची पट्टी एपॉक्सीने चिकटवून घ्या, चिरेत रंग मिसळलेली एपॉक्सी भरून वरून घासून घ्या. जवळून पाहिलं तर दिसेल, पण वाढणार नाही. आधाराविना नुसती चीर भरली तर ती पुन्हा उघडेल.

ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पाटी निवडताना तिच्यावर पाणी मारून पुसा. बाकीचं वाळल्यावरही एखादी रेघ ओली राहिली तर ती भेग आहे. ‘एल’ ओट्याचा सांधा सिंकवर किंवा हॉबवर येऊ देऊ नका. आणि पुढच्या काठाखाली, मागच्या अंगाला, एक बारीक खाच मारून घ्या. ती नसली की सांडलेलं पाणी काठावरून आत वळतं आणि खालच्या दारांचा प्लाय फुगतो. ही खाच मिस्त्री आपणहून मारत नाही, सांगावी लागते.

आणखी एक, हे मात्र हक्काने सांगते. घरात कोरडी कापणी होऊ देऊ नका. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं निकामी होतात, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या पाटीत सिलिका फारच जास्त. कापणाऱ्या कामगारांत हा आजार इतका आढळला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावरच बंदी घातली. आपल्याकडे पोरं तोंडाला रुमाल बांधून कापत असतात. रुमालाने ती धूळ अडत नाही. कटआउट वर्कशॉपमध्ये, पाण्याखाली करून आणा. जागेवर कापावंच लागलं तर पाणी सोडून कापायला लावा आणि चांगला मास्क तुम्ही आणून द्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे, पत्नीची उंची पाच फुटांहून कमी. ओट्याची उंची किती ठेवावी? (देवळाली कॅम्प)

काका, ३४ इंच हा आकडा मिस्त्रीच्या तोंडी असतो, तो विसरा. काकूंना घरातल्या चपला घालून सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून चारेक इंच खाली भिंतीवर खूण करा. तेवढी उंची. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर ती स्वतःच चार-पाच इंच उंच असते, म्हणून तो भाग आणखी खाली घ्या. पायरी नको असेल तर ओट्यात बसणारा हॉब घ्या.

प्रश्न : गोंदेश्वर, काळाराम ही मंदिरं आपल्या काळ्या दगडाची. मग ओट्याला आंध्र-कर्नाटकातला दगड कशाला? (सिन्नर)

छान प्रश्न. आपला दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो जमिनीवर येऊन भराभर निवला आणि आकसताना त्याला चिरा गेल्या. वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्याही राहिल्या. त्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक तुमच्याच गावातल्या गारगोटी संग्रहालयात मांडलेत. मंदिराला लागणारा चिरा अशा दगडातून उत्तम निघतो, पण आठ फुटांची अखंड, बिनछिद्राची पातळ पाटी मिळणं कठीण.

गंमत म्हणजे काळा ग्रॅनाइट म्हणून आपण जे घेतो ते बरेचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतं, म्हणजे बेसॉल्टचेच भाऊबंद, फक्त जमिनीखाली सावकाश निवलेले. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, तोही त्याच कुळातला.

प्रश्न : जुन्या घरातला कडाप्प्याचा ओटा सिंकजवळ पांढरा पडलाय. काढून टाकावा का? (जुने नाशिक)

अजिबात नको. कडाप्पा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच आणि मुख्य म्हणजे फरशीचं ॲसिड यांनी तो पांढरा पडतो. ॲसिड आजपासून बंद. पॉलिशवाल्याकडून घासून घ्या, नंतर मेण लावा. नळाभोवतीचा पांढरा थर मात्र बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा असेल. तो जुन्या ब्लेडने हलकेच खरवडा, व्हिनेगर नको. ग्रॅनाइटवर पातळ व्हिनेगर क्षणभर चालतं, कडाप्प्यावर नाही.

प्रश्न : ग्रॅनाइटवर तेलाचा जुना डाग आहे. आणि सीलर दर वर्षी लावायचा का? (गंगापूर रोड)

खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून डागावर जाड थापा, वर प्लॅस्टिक चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागेल. सीलरला पंचांग नको. ओट्यावर पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा. खाली दगड गडद झाला तर लावा, नाहीतर नका लावू. रोजच्याला भांड्यांचा साबण आणि ओलं फडकं बास.

आणि हो, सिंकसाठी कापलेल्या तुकड्याचे पैसे तुम्ही पाटीबरोबर दिलेले असतात. तो टेम्पोत परत जाऊ देऊ नका. कडा घासून घेतल्या तर मिक्सरखाली ठेवायला किंवा कणीक मळायला चांगला उपयोगी पडतो.