जहाजावर जाणारा पोरगा मुंबईत कुठं राहील?

पुतण्याला जहाजाची वाट बघत मुंबईत थांबायचंय आणि लॉजचं भाडं झेपत नाही, असं तुम्ही धामणगावहून विचारलंत. मशीद बंदरला खलाशांसाठीच इंडियन सेलर्स होम आहे. विदर्भ एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरला की लोकलचं पुढचंच स्टेशन. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, जवळ ठेवा, खोलीचं आधी विचारून घ्या. पहिल्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या भारतीय खलाशांचं स्मारकही तिथंच आहे. त्यानं ते जरूर पाहावं.

आणि एक कळकळीनं सांगतो, नोकरी लावून देतो म्हणून एजंट पैसे मागत असेल तर वावर गहाण टाकू नका. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे भरतीची फी खलाशाकडून घेताच येत नाही, आणि भारतानं तो करार मान्य केलेला आहे.