सागाचं प्लांटेशन वाढत्या उन्हात, दुष्काळात टिकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की माणसानं लावलेलं आणि वनखात्यानं सांभाळलेलं जंगल वाढतं ऊन, दुष्काळ, अचानक कोसळणारा पाऊस यात नैसर्गिक जंगलापेक्षा लवकर मरतं का, आणि उमरेडकडच्या तुमच्या शेतात साग लावावा का. शेताचं शेवटी सांगतो.

मी नागपुरात लकडगंजला लाकडाच्या धंद्यात आहे, डेपोच्या लिलावाला जाणं-येणं असतं, त्यामुळे मला झाड दिसतं ते बहुतेक आडवं पडल्यावरच. पण सागाचं एक बरंय, लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर वर्षावर्षाची वर्तुळं अगदी साफ दिसतात, पाऊस बरा झाला तर रुंद आणि नाही झाला तर बारीक. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या लोकांनी तर सागाच्या या वर्तुळांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केलाय. आता प्लांटेशनचा लठ्ठा पाहिला तर सुरुवातीची वर्तुळं मस्त रुंद असतात, मग बारीक बारीक होत जातात, आणि कुठेतरी एकदम परत रुंद होतात. ते रुंद होणं म्हणजे नेहमी चांगला पाऊसच असतो असं नाही, पुष्कळदा त्या सुमारास बाजूची झाडं काढलेली असतात. याला विरळणी म्हणतात, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

दोन बाय दोन मीटरवर साग लावला तर हेक्टरी २५०० झाडं होतात आणि शेवटी मोठी व्हायची त्यातली दोन-तीनशे. मधली टप्प्याटप्प्यानं काढायचीच असतात, त्याच्या बल्ल्या विकल्या जातात. ती वेळेवर काढली नाही तर एकाच बोअरवर सगळी गल्ली जोडल्यासारखं होतं, चांगल्या वर्षी भागतं आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी सगळेच तहानलेले. बारकी, काटकुळी, उजेडासाठी नुसती उंच गेलेली झाडं मग वादळातही आधी वाकतात. म्हणून लावलं की आपोआप उगवलं यापेक्षा दाटी किती आहे आणि सगळी झाडं एकाच जातीची, एकाच वयाची आहेत का हे आधी पाहा. वेळेवर विरळलेलं प्लांटेशन दुष्काळात बऱ्यापैकी तग धरतं, लावून सोडून दिलेलं सगळ्यात आधी जातं.

लोकांना वाटतं नागपूरचं मे महिन्याचं ऊनच जंगल मारतं. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ झालं होतं (२०२४ ला रामदासपेठेतल्या मशीननं ५६ दाखवलं तेव्हा तर देशभर बोंब झाली, नंतर हवामान खात्यानं सांगितलं सेन्सरच बिघडलाय). पण मोठ्या सागाला मे चं काय पडलंय, तो तेव्हा पानं टाकून उघडाच उभा असतो. खरा मार बसतो तो जून-जुलैत, कोवळी पानं फुटलेली, नवीन लागवडीचे स्टंप (शेंडा-मुळं छाटून लावलेली रोपं) जमिनीत गेलेले, आणि पाऊस दोन-तीन आठवडे गायब. पानं आली की झाडाचं पाणी खर्च होतच राहतं आणि स्टंपला तर अजून धड मुळंच नसतात. पावसाचं हे लहरी होणं लागवडीला उन्हापेक्षा महाग पडतं.

मग आग. सागाची पानं सुपाएवढी, सगळी एकदमच खाली येतात, मार्चपर्यंत जमिनीवर कुरकुरीत थर होतो. इकडे मोह वेचायला झाडाखाली पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात, आणि ती पसरते. यासाठी जाळरेषा असतात, म्हणजे जंगलातले पट्टे आधीच जाळून साफ करून ठेवायचे, आणि आजकाल डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून सॅटेलाइटचा अलर्टही येतो, पण उन्हाळा लांबला की जाळरेषा राखणाऱ्याचं काम वाढतं आणि माणसं तेवढीच. मोठा साग आगीनं सहसा मरत नाही, लहान रोप वरून जळालं तरी बुडातून परत फुटतं. पण बुडाशी साल जळाली की तिथून कुजायला सुरुवात होते आणि पुढे काही वर्षांनी लठ्ठा पोकळ निघतो.

आगीनंतर पाऊस येतो ते कोणी जोडून बघत नाही. सागाच्या रुंद पानावर पाणी गोळा होतं आणि जाडजाड थेंबांनी खाली आपटतं. खाली पाला, गवत, झुडपं असली तर ठीक, पण पाला एप्रिलमध्ये जळून गेलेला असला तर तेच थेंब उघडी माती उडवतात आणि उतारावर ती वाहूनच जाते. २०२३ च्या २३ सप्टेंबरला नागपुरात काही तासांत जे कोसळलं आणि अंबाझरी ओसंडून घराघरात पाणी घुसलं, तसा पाऊस जळालेल्या साग-प्लांटेशनवर पडला तर काय होईल विचार करा. मिश्र जंगलात ऐन, धावडा, तेंदू, खाली बांबू असं वेगवेगळ्या उंचीचं काहीतरी असतं, तिथे पाणी इतकं थेट आदळत नाही.

किडीचंही तेच. जर्मनीत स्प्रूस नावाचं झाड त्याचा नैसर्गिक मुलूख सोडून मैलोन्मैल लावलं होतं, २०१८ पासून ओळीनं दुष्काळ पडले, झाडांचा डिंक आटला (त्याच डिंकानं ते सालीतल्या भुंग्याला रोखतात) आणि उन्हानं भुंग्याच्या पिढ्या वाढल्या. २०२१ पर्यंत जवळपास ५ लाख हेक्टर जंगल गेलं. पण नैसर्गिक म्हणजे सेफ असंही नाही हां. शेजारी मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे १९९७-९८ च्या सुमारास सालबोरर नावाच्या किडीनं साल जातीची लाखो झाडं पोखरली, आणि ते जंगल कोणी लावलेलं नव्हतं, फक्त जवळजवळ एकाच जातीचं होतं.

आपल्याकडे वनविकास महामंडळ १९७४ ला आलं, ऑफिस इथेच नागपुरात, आणि पुष्कळ ठिकाणी मिश्र जंगल काढून साग लागला. तो साग वाईट नाही बाप्पा, अयोध्येच्या मंदिराला बल्लारशाचाच साग गेला. माझं म्हणणं एवढंच की आता विरळणी करताना मध्ये उगवलेला ऐन, बिजा, मोह "फालतू" म्हणून काढू नये, जागा झाली की तिथे तोच वाढू द्यावा, नाहीतर रायमुनिया (घाणेरी) घुसते आणि मग ती निघत नाही, वर उन्हाळ्यात जळतेही जोरात.

आता शेताचं. जमीन काळी भारी असेल, पावसाळ्यात पाणी साचत असेल तर साग नकोच, त्याला निचरा लागतो. मुरमाड, उताराची असेल तर लावा, पण सगळं वावर नाही, बांधानं किंवा आंबा, मोह, बांबू मिसळून. पाऊस नीट धरल्यावरच लावा, पहिल्या सरीला घाई नको. आणि सातबाऱ्यावर झाडांची नोंद तेव्हाच करून घ्या, कारण स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते आणि विरळणीची वेळ आली की आधी हाच कागद मागतात.